माहीमचं अश्वपुच्छ

९ सप्टेंबर २०२५, मंगळवार. सकाळी ६.१०

आजपासून रोजनिशी. नियमित, शास्त्रीय शिस्तीने. वाचणारं कोणी नाही, त्यामुळे खरं तेच लिहायचं.

नलू यशोधनकडे परळला गेली त्याला आज सहा दिवस झाले. कारण गुडघे. आमचा तिसरा मजला, फणसवाडीतला जुना जिना, आणि मुलाच्या टॉवरला तीन लिफ्ट. यात दुसरं काही नाही. माझ्या अंदाजाने पंधरा दिवस, फार तर घटस्थापनेपर्यंत. मोठी बॅग नेली आहे. छोटीची चेन बिघडली आहे म्हणून.

पहिल्या पानावर स्वतःविषयी चार ओळी असाव्यात. हेमचंद्र मोघे, वय बासष्ट. कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागात छत्तीस वर्षं प्रयोगशाळा परिचर. लोक प्यून म्हणत, मी दुरुस्त करत असे. आणलेली झाडं दाबून वाळवायची, जाड कागदावर शिवायची, खाली लेबल टाईप करून चिकटवायचं, हे काम. नऊ हजारांवर नमुने माझ्या हातचे आहेत, पण मोलाचा एकच. विभागाने जिल्ह्यातल्या वनस्पतींची यादी छापली, तिच्या पान ११२ वर ही ओळ आहे: 'एक्विसेटम (हॉर्सटेल). माहीम, खाडीकाठ. हे. मोघे, १९८८.' अख्ख्या मुंबईतली या वनस्पतीची एकमेव नोंद. हॉर्सटेलला मी अश्वपुच्छ म्हणतो. अजून कोणी म्हणत नाही, पण रुळेल.

फूल नाही, पान म्हणावं असं पान नाही. नुसत्या हिरव्या, पोकळ, खरखरीत कांड्या, एकात एक बसवल्यासारख्या. पाय सदा पाण्यात. डायनासोरच्या आधीपासून पृथ्वीवर आहे आणि कोणाचं लक्ष नाही. त्यामुळे मला ते जवळचं वाटतं.

२ तारखेला वाडीच्या गणपतीत माझं व्याख्यान झालं. विषय: 'माहीमचं अश्वपुच्छ, एक शोध आणि एक शोधक'. विषय मीच सुचवला. पंचवीस मिनिटं ठरली होती, पन्नास झाली. खाडीतला चिखल, भरतीची वेळ, हाताला लागलेली पहिली कांडी, सगळं सांगितलं. लोक गहिवरले. नलू तिसऱ्या रांगेत होती, ती मधेच उठून गेली. गॅसवर काहीतरी राहिलं असणार. दुसऱ्या दिवशी गुडघे.

११ सप्टेंबर, गुरुवार. दुपारी

विभागातून फोन. आकांक्षा राऊळ म्हणून नवी मॅडम आली आहे. तिशीची असेल, लालबागची. यादीची सुधारित आवृत्ती तीच करते आहे. मला वाटलं सत्कार. तर म्हणे, काका, माहीमच्या खाडीत खारं पाणी आणि हॉर्सटेलला लागतं गोडं, मग ते तिथे आलं कसं? नंतर कोणाला दिसलेलंही नाही. दिवाळीपर्यंत जिवंत झाड दाखवलंत तर ठीक, नाहीतर नोंद काढून टाकावी लागेल.

काढून टाकणार! सदतीस वर्षांची नोंद!

मी शांतपणे सांगितलं की झाडं पुस्तकं वाचून उगवत नाहीत. ती हसली. मग विचारलं की नलिनीकाकू तेव्हा विभागातच शिकत होत्या ना, त्यांना काही आठवतं का. म्हटलं, ती तेव्हा टी.वाय.ला होती, तिला काय ठाऊक असणार? शिवाय तिचे गुडघे दुखतात.

योजना तयार आहे. माहीमला जाऊन झाड शोधायचं, आकांक्षाला दाखवायचं, पेपरात फोटो येईल, नलू वाचेल. नवऱ्याची किंमत बाहेरच्यांनी केली की घरच्यांना पटते. मग ती परत येईल. दसऱ्यापर्यंत सगळं उरकतं.

१४ सप्टेंबर, रविवार. संध्याकाळी

परळला जाऊन आलो. टॉवरच्या लॉबीत काळ्या दगडी कुंड्यांत रांगेने हॉर्सटेल! नर्सरीतलं, परदेशी, पण कूळ तेच. पूर्वी या जागेवर गिरणी होती. वॉचमन म्हणाला, अंकल, हाथ मत लगाओ, प्लास्टिक है. मी म्हटलं असली आहे. त्याने स्वतः हात लावून पाहिला आणि दचकला. तो इथे तीन वर्षं नोकरीला आहे म्हणे.

सत्ताविसावा मजला. दार नलूनेच उघडलं. तब्येत छान दिसते आहे. निळा पंजाबी ड्रेस घातला होता. आमच्या घरी कधी घालत नाही. मी आकांक्षाचं सगळं प्रकरण सविस्तर सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं की त्या मुलीला तुम्ही ते कुठे सापडलं म्हणून सांगितलंत. म्हटलं, माहीमला, आणखी कुठे? म्हणाली, बरं. आणि दूध बघून येते म्हणून आत गेली. दूध फ्रीजमध्ये होतं, पाणी घेताना मी पाहिलं होतं. वय झालं की असं होतं.

सूनबाईने, नूपुरने, जेवूनच जा बाबा म्हणून आग्रह केला. अळूवडी होती. निघताना यशोधन खाली लॉबीपर्यंत आला. म्हणाला, बाबा, तुम्ही आईला कधी काही विचारता का हो? म्हटलं, रोज विचारतो, चहा झाला का. तो लिफ्टच्या बटणांकडे बघत राहिला. ऑफिसचं टेन्शन असणार.

१८ सप्टेंबर, गुरुवार

वरण केलं. डाळ दोन वाट्या, पाणी अंदाजे. अंदाज चुकला. कुकरच्या शिटीत डाळ.

सकाळी सवयीने दोन कप चहा ठेवतो. दुसराही मीच घेतो. ॲसिडिटी.

२१ सप्टेंबर, रविवार

माहीम. कोळीवाड्याच्या मागे, खाडीकाठ, चार तास. अर्ध्या तासात काठावर कांड्याच कांड्या दिसल्या. जवळ गेलो तर तिवराची मुळं. ती चिखलातून अशीच बोटं वर काढतात. नव्या माणसाची फसगत व्हायची.

तिथे सुंदराबाई म्हणून एक कोळीण जाळं विणत बसते. माझ्याच वयाची. तिने लांबूनच हाक मारली की काका, काय शोधताय, बायकोची बांगडी पडली काय? मी तिला अश्वपुच्छाविषयी दहा मिनिटं माहिती दिली. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, खातात काय त्याला? एकूण जनजागृतीला वाव आहे.

झाड मिळालं नाही. पाऊस लांबल्यामुळे पाणी गढूळ.

२८ सप्टेंबर, रविवार

तिसरी खेप. नाही. बूट चुकीचे होते.

नवरात्र बसून सहा दिवस झाले. नलू आली नाही. फोनवर म्हणाली, घट नूपुरने इथे बसवलेत. बरोबरच आहे, ते सोडून कशी येणार. आता दसरा.

सुंदराबाईने आज सरळच विचारलं. म्हणाली, काका, राग नका मानू, मी लग्न होऊन आले त्याला चाळीस वर्सं झाली, हे गवत हितं कधी नव्हतं. तुमी सोताच्या डोळ्यांनी पाह्यलंत का? मी म्हटलं, बाई, तुमचं लक्ष माशांकडे. ती हसली आणि तिने चहा दिला. आलं घातलेला होता.

घरी येऊन नक्की जागा कुठली ते आठवायला बसलो. चिखल आठवतो, भरती आठवते. पहिली कांडी हाताला लागली तो क्षण मात्र येत नाही. जो येतो त्यात मी माईकसमोर उभा आहे आणि समोर वाडीतले लोक आहेत. बी-ट्वेल्व्ह तपासून घ्यायला हवं.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

सोनं घेऊन परळला. नलूने आपट्याचं पान घेतलं, फ्रीजवर ठेवलं. मी म्हटलं, घरी देव तुझी वाट बघतात. म्हणाली, देवांना पूजा येत नाही का तुमच्या हातची? यात खोच नव्हती. आवाज साधा होता. तो साधा आवाज ऐकून मला कसंसंच झालं, का ते कळलं नाही.

परतताना वाट वाकडी करून दादरला उतरलो आणि विचार सुचला. झाड माहीमला होतं, म्हणजे ते तिथे असायला हवं. नसेल, तर निसर्गाला विस्मरण झालेलं आहे. आठवण करून देणं ही फसवणूक नव्हे. शास्त्रात याला पुनर्वसन म्हणतात. दादरच्या नर्सरीत हॉर्सटेल मिळतं. अगदी तीच जात नाही, पण भाऊबंदच.

५ ऑक्टोबर, रविवार. सकाळी ११

पुनर्वसन संपन्न. सहा झाडं, खाडीकाठी, नैसर्गिक वाटावं अशा वेड्यावाकड्या रांगेत. सुंदराबाई म्हणाली, उद्या पुनव, उधाणाची भरती आहे, पाणी हितवर येतं, आणि तिने हात कमरेला लावून दाखवला. म्हटलं, मी कॅलेंडर बघूनच आलो आहे. घरी येऊन परत बघितलं. कोजागिरीला दूध कधी ठेवायचं ती वेळ होती, भरतीची नव्हती.

आकांक्षाला मेसेज टाकला आहे: 'अश्वपुच्छ सापडले. शुक्रवारी यावे.'

७ ऑक्टोबर, मंगळवार

पाच वाहून गेली.

सहावं सुंदराबाईने वाचवलं. होडी बांधतात त्या खुंटाला जाळ्याच्या दोऱ्याने बांधून ठेवलं होतं. म्हणाली, बांधून ठेवलंय तुमचं पोर. शेंडे पिवळे पडलेत, पण जगेल. मुळात एकच जिवंत झाड मागितलं होतं. सहा हा माझा उत्साह.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

आकांक्षा आली. गुडघ्यापर्यंत पँट दुमडून सरळ चिखलात उतरली. चलाख मुलगी आहे. खुंटाचा दोरा मी आधीच सोडून घेतला होता. तिने भिंगातून झाड पाहिलं, मग हलक्या हाताने उपटलं. मुळांचा आकार गोल होता, तळाला चपटा. तंतोतंत कुंडी. कोकोपीटही निघालं. खाडीत नारळाचा भुसा येऊ शकतो, असं मी म्हटलं.

ती ओरडली असती तर मला उत्तर देता आलं असतं. तिने झाड परत लावलं, माती दाबली, सुंदराबाईच्या बादलीत हात धुतले. जाताना म्हणाली, काका, मी तो जुना नमुना स्वतः एकदा बघते, चालेल ना? आणि काकूंचा नंबर द्या, सहज. मी दिला. न दिला असता तर वाईट दिसलं असतं.

सुंदराबाईने आज चहा दिला नाही. गडबडीत असेल.

१२ ऑक्टोबर, रविवार

परळला फोन केला. नूपुर म्हणाली, आई दुसऱ्या फोनवर आहेत, थांबा. मी थांबलो. मागून नलूचा आवाज येत होता. 'तो पाईप अजून गळतोय का ते आधी बघायला हवं,' असं कोणाला तरी मोठ्या उत्साहाने सांगत होती. कोट्यवधींचे टॉवर आणि पाईप गळतात! आमच्या वाडीला नावं ठेवायला नकोत. अकरा मिनिटं थांबलो, मग ठेवून दिला.

पाडव्याला ओवाळायला ती येणारच. दिवाळीचा पाडवा नवऱ्याचा. त्यात चॉइस नसतो.

१४ ऑक्टोबर, मंगळवार. सकाळी ९.४०

आकांक्षाने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. माझाच नमुना. माझं लेबल, खाली माझं नाव. मग दुसरा फोटो: त्याच नमुन्यामागे घडी करून ठेवलेला जुना वर्तमानपत्राचा कागद.

हे असं असतं. झाड आणलं की ते वर्तमानपत्राच्या घडीत दाबतात, आणि ज्याने आणलं तो त्या कागदाच्या कडेला पेन्सिलीने जागा आणि आपलं नाव लिहितो. वाळलं की झाड जाड कागदावर जातं, लेबल टाईप होतं, आणि वर्तमानपत्र टाकून देतात. आमच्या विभागात कागदाची टंचाई असे, म्हणून मी ते मागे आधाराला ठेवत असे. माझीच पद्धत.

कडेला पेन्सिलीने लिहिलेलं आहे: 'रे रोड, लाकडाच्या वखारीमागे, पाईप गळतो तिथे. न. खांबेटे.'

असंख्य शक्यता आहेत. कागद बदलला असेल. खांबेटे हे नलूचं माहेरचं आडनाव, पण त्या आडनावाच्या आणखी मुली असतील. त्या काळी सगळ्या मुलींचं अक्षर सारखंच असे.

१४ ऑक्टोबर. सायंकाळी ५

अक्षर नलूचं आहे. तोच 'ख', पोट फुगलेला. आजही स्वयंपाकघरात डब्यांवर आहे: खसखस, खारीक, खोबरं. दुपारभर मी एकेक डबा खाली काढून फोटोशी ताडून पाहिला. कशासाठी, कोण जाणे. पहिल्याच डब्याला कळलं होतं.

सासरे रे रोडला वखारीत कारकून होते. नलू कॉलेजच्या आधी त्यांचा डबा पोचवायची. मला हे ठाऊक होतं. लग्नाआधीपासून ठाऊक होतं.

खरं तेच लिहायचं असं ठरलं आहे, तर लिहितो. मी त्या दिवशी माहीमला गेलो होतो, सरांनी तिवर आणायला पाठवलं होतं. परत येऊन सगळ्या घड्या एका प्रेसमध्ये घातल्या. नलूने आपली घडी हातात दिली आणि म्हणाली, मोघे, माझं झाड नीट लावा हं, सांधे सुटतात त्याचे. आठवड्याने सरांनी वर्गात नमुना हातात घेतला, डोळे मोठे केले आणि विचारलं, हे कोणी आणलं? नलू त्या दिवशी आली नव्हती. सगळे माझ्याकडे बघत होते. छत्तीस वर्षांत सगळे माझ्याकडे बघत होते असा तेवढाच एक दिवस. मी म्हटलं, मी आणलं. कुठून? माहीमहून.

नलू आली की सांगू असं ठरवलं होतं. ती आली, तिने लेबल पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि काही बोलली नाही. मला वाटलं, तिला चालतंय. दोन वर्षांनी तिने माझ्याशी लग्न केलं, तेव्हा तर खात्रीच झाली. एम.एस्सी. तिला करायची होती. नंतर विम्याच्या ऑफिसात चिकटली. मग मला ती कांडी माझ्याच हाताला लागल्याचं आठवायला लागलं. कधीपासून ते सांगता येत नाही. खोटं बोललो तो दिवस आठवतो, ते खरं वाटायला लागलं तो दिवस आठवत नाही.

लाज वाटते. चहा केला. दुसरा कप ओतून दिला.

१५ ऑक्टोबर, बुधवार. सकाळी

रात्रीत बरंच हलकं वाटलं. चूक कबूल केली की निम्मं काम होतं. आता दुरुस्ती. विभागाला रीतसर पत्र: नमुना क्रमांक अमुक, स्थळ माहीम नव्हे रे रोड, शोधक हे. मोघे नव्हे न. खांबेटे. पाडव्याला ओवाळणी म्हणून पत्राची प्रत नलूच्या तबकात ठेवायची. साडीपेक्षा मोठी गोष्ट आहे. ती रडेल. मीही रडेन. संध्याकाळी दोघं घरी.

घर झाडून घेतलं. डबे पुन्हा वर ठेवले. छोट्या बॅगेची चेन दुरुस्त करून आणली.

२२ ऑक्टोबर, बुधवार. पाडवा

पहाटे अभ्यंगस्नान, स्वतःच स्वतःला उटणं. नवा सदरा. आठ वाजता परळ.

नलू घरी नव्हती. नूपुर म्हणाली, आई आणि आकांक्षा साडेसहालाच रे रोडला गेल्या. वखारी आज बंद, मागच्या बोळात कोणी हटकणार नाही म्हणून आजचाच दिवस ठरवला. मी म्हटलं, गुडघे? नूपुर म्हणाली, बाबा, त्यांचे गुडघे चांगले आहेत. मग तिने फराळाचं ताट पुढे केलं. चकली छान होती. म्हणजे असणार, चव कळत नव्हती.

पावणेबाराला कुलपात किल्ली फिरली आणि नलूचं हसू ऐकू आलं. ती आकांक्षाला काहीतरी सांगत हसत होती, मोठ्याने, मान मागे टाकून, टी.वाय.ला हसायची तसं. मी विसरलो होतो की ती अशी हसते. निळा ड्रेस गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेला. आत आली, मला पाहिलं आणि हसू थांबलं. ओशाळली नाही, रागावली नाही. पाहुणा बघून माणूस जरा नीट उभं राहतं तशी उभी राहिली.

झाड आहे. पाईप अजून गळतो. सदतीस वर्षं गळतो आहे, आणि त्याच्या खाली भिंतीच्या कडेने चार हात लांब हिरवंगार बेट झालं आहे. आकांक्षाने फोनवर फोटो दाखवला. फोटोत नलू उकिडवी बसली आहे, एक कांडी दोन बोटांत धरून.

मी पत्र दिलं. तिने चष्मा लावून दोनदा वाचलं. मग यशोधन, नूपुर आणि आकांक्षा तिघांनाही एकदम स्वयंपाकघरात काम निघालं.

नलू म्हणाली, अहो, गणपतीत तुम्ही खोटं बोललात त्याचं मला काही नाही. ते मी लग्नापासून ऐकतेच आहे. पण बोलताना तुम्ही दोनदा माझ्याकडे बघितलंत. मला वाटलं, आता कुठेतरी अडखळतील. काही नाही. ते झाड मी आणलं हे तुम्ही खरोखरच विसरला होतात. चोरसुद्धा कोणाचं उचललं ते लक्षात ठेवतो.

मी म्हटलं, आता दुरुस्त केलं ना. तिने मान हलवली. म्हणाली, खांबेटे लिहिलंत ते बरं केलंत. मी सांगितलं की तो नियमच आहे, नमुना आणला त्या वेळचं नाव लिहायचं. म्हणाली, नियम मला माहीत आहे. तरी बरं केलंत.

औक्षण राहिलं. तिचे हात चिखलाचे होते.

९ नोव्हेंबर, रविवार

राग जायला वेळ लागतो. थंडीत गुडघे दुखतात, लिफ्ट हवीच. (नूपुरला वैद्यकीय ज्ञान नाही.) होळीपर्यंत, असा सुधारित अंदाज.

यशोधन सांगतो की आई आता आकांक्षाबरोबर दर रविवारी जाते. शिवडी, माझगाव, जिथे जिथे जुने पाईप आहेत तिथे. यादीच्या पुढच्या आवृत्तीसाठी आणखी दोन जागा निघाल्या. मी विचारलं, मी येऊ का पिशवी धरायला? तो म्हणाला, विचारतो. अजून निरोप नाही.

१२ डिसेंबर, शुक्रवार. दुपारी ४

यादी छापून आली. आकांक्षाने एक प्रत पोस्टाने पाठवली. पान १२७: 'एक्विसेटम (हॉर्सटेल). रे रोड. न. खांबेटे, १९८८, न. खांबेटे व आ. राऊळ, २०२५.' खाली बारीक टाईपात: 'माहीम: नोंद रद्द.'

शेवटी आभार. त्यात एक ओळ: 'रे रोडच्या मूळ नमुन्याची शिवण श्री. हेमचंद्र मोघे यांची.' मी ताबडतोब फोन लावला, की ही सहानुभूती नको. आकांक्षा म्हणाली, काका, ती ओळ माझी नाही, काकूंनी घालायला लावली. त्या म्हणाल्या, या झाडाचा सांधा न् सांधा वाळला की सुटतो, आणि या नमुन्याचा सदतीस वर्षांत एकही सुटलेला नाही. प्रत्येक सांध्याला वेगळा टाका आहे. इतकं कोणी करत नाही.

केलं होतं. बेचाळीस टाके. पांढरा दोरा आधी मेणातून ओढून घेतला होता. तिचं झाड होतं म्हणून केलं होतं.

म्हणजे तिला आठवतं. तिने टाके मोजले असणार. आठ-दहा दिवसांत येईल, अगदी नववर्षाच्या आत. चादरी बदलायला काढल्या.

१२ डिसेंबर. ५.२०

यशोधनचा फोन. आईने दादरला भाड्याने खोली घेतली आहे, तळमजला. रविवारी टेम्पो घेऊन येतो, तिचं कपाट न्यायचं आहे. बाबा, तोवर तुमचं जे काही त्यात असेल ते काढून ठेवाल का?

पाहिलं. माझं त्यात काहीच नाही.

कपाट शिसवी आहे, जिन्याच्या वळणावर अडेल. उतरवायला चार माणसं लागतील. मी धरून चार.